काठी टेकत नाही तिथे

"घोटा… गुडघा… गुडघा… मांडी… कंबर…"

केसरच्या कानात हा आवाज लहानपणी शिरला तो कधी बाहेर निघालाच नाही. आवाज तिच्या बाचा होता. बिसन मारबते, वैनगंगेकाठच्या डोंगाघाटचा नावाडी. डोंग्याच्या टोकाशी उभा राहून तो बांबूची लांब काठी पाण्यात सोडायचा, तळ चाचपायचा आणि पाणी किती खोल ते अंगाच्या मापानं हाळी देऊन सांगायचा. मागं बसलेले बाजारकरू, माहेरवाशिणी, शेळ्यांची दावी धरून बसलेल्या म्हाताऱ्या, सगळे त्या हाळीवर निर्धास्त असत. कंबर झाली की छाती, छाती झाली की गळा. आणि गळ्यापुढं बा गप्प व्हायचा.

गप्प म्हणजे अगदी गप्प. काठी पूर्ण बुडाली, तरी टेकली नाही, असा त्याचा अर्थ. तिथल्या पाण्याला एक शब्द होता, पण डोंगाघाटचा कुठलाच नावाडी तो पाण्यावर उच्चारत नसे. नदीच्या पोटाचं माप काढायचं नसतं, म्हणत. मग डोंग्यातलं बोलणं आपोआप थांबे, बाया पदर सावरून हात जोडत, आणि शेळ्यासुद्धा जणू समजून उमजून उभ्या राहत. बाच्या पायांशी बसलेली चिमुकली केसर श्वास धरून वाट बघायची. मग कधीतरी पलीकडून पुन्हा "गळा" ऐकू यायचा आणि सगळ्यांच्या जिवात जीव यायचा.

पुढं पूल झाला. डोंगा जांभळीच्या झाडाखाली पालथा पडला, कोंबड्यांना सावलीची सोय झाली. हाळी बंद झाली. हात रिकामे बसवेनात म्हणून बिसननं आणि केसरची माय शेवंतानं नदीच्या मधोमध उघड्या पडलेल्या वाळूच्या बेटावर बांबूची बेटं आणि करंजाची रोपं लावली. लोक हसले. वाळूत कुणी बन लावतं होय? पण बन लागलं. इतकं माजलं की आसपासच्या गावांतल्या लग्नांचे मांडव त्याच बांबूंवर उभे राहू लागले. वऱ्हाडी विचारत, बांबू कुठला? सांगणारा छाती काढून सांगे, बिसनच्या बनातला.

आणि केसर? केसर आभाळात गेली.

*

विमान छोटं होतं, विजेवर चालणारं, आवाजाला भुंग्याएवढं. कार्तिक सरत आला होता. पावसाळ्यातला गाळ खाली बसून वैनगंगा निवळली होती, आणि अशाच निवळ पाण्याची वाट बघत केसरच्या पथकानं वर्षभर दिवस काढले होते. विमानाच्या पोटाला एक काचेची खिडकी होती आणि खिडकीतून उजेडाच्या सुया खाली टोचत चालल्या होत्या. एका सेकंदाला लाखो सुया.

यंत्राचं मर्म तसं साधं होतं. लेझरचा एक ठोका खाली सोडायचा, तो कशावर तरी आपटून परत यायचा, आणि जायला-यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढायचं. तांबड्याच्याही पलीकडचा, डोळ्याला न दिसणारा उजेड पाण्याच्या पाठीवरूनच माघारी फिरतो. हिरवा उजेड मात्र पाण्यात शिरतो. पाण्यात त्याचा वेग मंदावतो, वाटही किंचित वाकते, पण तो तळाला हात लावून परत येतो. एक उत्तर पाण्याच्या पाठीचं, दुसरं तळाचं. दोन उत्तरांमध्ये जो निमिषाहूनही कमी वेळ असतो, तीच नदीची खोली. झाडांचंही तसंच. एका ठोक्यातला थोडा उजेड शेंड्यावरून परततो, थोडा फांदीवरून, आणि एखादी नशीबवान तिरीप पानांच्या फटीतून खालच्या जमिनीपर्यंत पोचते. अशा तिरिपी वेचून काढल्या की अख्खं रान अलगद बाजूला ठेवून खालची माती बघता येते. मायनं लुगडं झटकून घडी घालावी आणि खालची सारवलेली भुई दिसावी, तसं.

नद्यांना त्यांची वाट परत देण्याचा कायदा होऊन दोन-तीन वर्षंच झाली होती. नदीला पुरात पसरायला किती जागा लागते, कुठला बांध काढायचा, कुठली वस्ती हलवायची, हे आता या नकाशांवर ठरत होतं. नकाशाखाली ज्याची सही, त्याचा शब्द सरकार मानायचं. वैनगंगेच्या नकाशाखाली सही होती केसर बिसन मारबते हिची.

"खाली बघ, तुझं गाव," कॅप्टन झुबेदा इनामदार म्हणाली. ती सांगलीची. पुरानं पहिला मजला गिळलेलं घर तिनं लहानपणी पाहिलं होतं, म्हणून ही उड्डाणं ती हौसेनं मागून घ्यायची. "अंगणात कोणीतरी हात हलवतंय बघ. माय आहे की पापड वाळत घातलेत?"

"मायच असेल. पापडांना एवढा उत्साह नसतो."

शेवंता खरोखरच अंगणात उभी होती. लेकीच्या उड्डाणाचे दिवस तिला पाठ असायचे. विमान दिसलं की ती हातातलं काम टाकून बाहेर यायची, आणि शेजारच्या बायांना ऐकू जाईल अशा बेतानं नवी ओवी म्हणायची:

"गंगा माय नेसली, हिरवं लुगडं काठाचं,
लेक वाचते आभाळात, गूज तिच्या पोटाचं."

बा मात्र वर बघत नसे. जांभळीखाली पालथ्या डोंग्यावर बसलेला असे, नदीकडं तोंड करून. कुणी म्हटलं, बिसनभाऊ, पोरगी चालली न वरून, तर मान हलवे. तेवढंच.

*

नागपूरच्या कार्यालयात नदी मोठ्या पडद्यावर उलगडली, तेव्हा सगळे खुर्च्या ओढून बसले. तळाची वाळू, तिच्यावरच्या लाटांच्या रेघा, बुडालेला खडक, सगळं दिसत होतं. पथकाच्या प्रमुख डॉ. मृदुला खांडवे यांनी चहा मागवला. त्या चहा मागवत म्हणजे काम त्यांना पसंत असे.

केसरची नजर डोंगाघाटापाशी अडली. गावच्या काठाला लागून तळ इतका गुळगुळीत होता की जणू सारवलेला. तिनं संगणकानं घातलेला थर काढून टाकला आणि मूळ ठोके बघितले. तिथं तळाचं उत्तर आलेलंच नव्हतं. पाण्याच्या पाठीचं पहिलं उत्तर होतं, दुसरं नव्हतं. भोक पडलेल्या धोतराला ठिगळ लावावं तसं संगणकानं आजूबाजूच्या मापांवरून तिथं तळ शिवून टाकला होता.

खांडवेबाईंचं म्हणणं पडलं की पाणी गढूळ असेल, किंवा शेवाळ. अशी भोकं सगळ्याच नद्यांत असतात, आणि शिवण्याची पद्धत जगभर मान्य आहे. केसरनं दाखवलं की वरच्या अंगाला पाणी नितळ आहे, खालच्या अंगालाही नितळ आहे. मधलंच तेवढं कसं गढुळेल?

"मग तुझं काय म्हणणं?"

केसरनं पडद्यावरच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "मॅडम, आमच्याकडं काठी टेकली नाही की नावाडी गप्प होतो. ही रिकामी जागा चूक नाही. यंत्र गप्प झालंय."

कुणी हसलं नाही. खांडवेबाईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि दुसऱ्या दिवसाचं उड्डाण मंजूर केलं. या वेळी विमान खालून आणि संथ नेलं. परत येणारा उजेडाचा एकेक कण मोजणारं नवं यंत्र लावलं, आणि त्या एका जागेवरून पुन्हा पुन्हा फेऱ्या मारल्या. शेवटी तळानं उत्तर दिलं. अगदी क्षीण, विहिरीत हाक मारल्यावर यावं तसं. नावाडी जिथं गप्प व्हायचे तोच जुना डोह होता, पण आता पसरलेला. गावाच्या काठाखाली नदीनं भगदाड पाडलं होतं आणि ते आतल्या अंगाला, वस्तीच्या पायाखाली, सरकत होतं. मागच्या पाहण्यांमध्येही ती जागा ठिगळाखालीच झाकलेली होती.

कारण शोधायला वेळ लागला नाही. कारण नकाशावरच हिरवंगार उभं होतं. नदीच्या मधोमध बन. बांबूच्या मुळांनी वाळू धरली होती, वाळूनं बेट उंच केलं होतं, आणि बेटानं वैनगंगेचा सगळा जोर गावच्या काठाकडं लोटला होता. केसरनं बनाची पानं पडद्यावरून दूर केली. खालच्या जमिनीत एक लांब, वाकडी, उथळ पन्हळ दिसली. नदीची जुनी वाट. बन लागण्याआधी वैनगंगा तिथूनच वाहायची, आणि अजून ती वाट बुजलेली नव्हती. बनाच्या मधून तेवढा पट्टा मोकळा केला की पुराचं पाणी वाटून जाईल, डोहाचा जोर ओसरेल. नाहीतर एखादा मोठा पूर, आणि घाट, जांभूळ, धिवर-कोळ्यांची आळी, शाळा, सगळं पाण्याच्या पोटात.

खांडवेबाईंनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, की घरचं प्रकरण आहे, या एका नकाशावर दुसऱ्या कुणाची सही चालेल.

"नाही," केसर म्हणाली. "बाच्या बनावरून रेघ ओढायची, तर ती परक्यानं काहून ओढावी?"

*

तिनं नकाशा आधी घरी नेला. अंगणात खाटेवर पडदा उघडून तिनं बाला सगळं दाखवलं. डोह, काठाखालचं भगदाड, बनाच्या पोटातली जुनी वाट. ही हिरवी तिरीप म्हणजे तुमची काठीच समजा बा, फक्त उजेडाची. बिसननं डोळे बारीक केले. बोट त्या जुन्या वाटेवरून फिरवलं, तिथून डोहापर्यंत आणलं, आणि बोट डोहावर ठेवून विचारलं, "हे तू वरून पाह्यलं?"

"हो."

"इतक्या वरून?"

"हो बा."

त्यानं पुढं काही विचारलं नाही. बोट उचललं, उठला, आणि नदीकडं निघून गेला. त्या दिवसापासून तो केसरशी बोलेनासा झाला.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. केसरनं सगळं समजावून सांगितलं. बऱ्याच जणांना पटलं, पण पटलं तरी कुऱ्हाड उचलायला धीर होईना. तिचा चुलता भाऊराव, ज्याचं तोंड कात्रीसारखं चालायचं, मागून म्हणाला, "आभाळात गेली न पोट्टी, आता तिले बापानं लावलेलं गवतच दिसते." काही हसले. शेवंता तिथंच उभी राहिली आणि दिराला म्हणाली, की तुमच्या लग्नाचा मांडव त्याच गवताचा होता, तो मोडला असता तर बरं झालं असतं, आमची जाऊ तरी सुटली असती. मग मात्र सगळी सभा हसली, भाऊरावची बायको सर्वांत जास्त.

हसणं ओसरल्यावर सरपंचानं विचारलं, बिसनभाऊ, बन तुमचं, तुम्ही काय म्हणता. बिसन उभा राहिला. केसरकडं एकदा पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं, आणि खांद्यावरचा पंचा सावरून सभेतून निघून गेला. केसरच्या छातीत काहीतरी खाली गेलं, ते टेकलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी घाटावर गेलेल्या बायांना दिसलं, की बेटावर बिसन एकटा फिरतो आहे. डोंगाघाटची रीत अशी, की तोडायच्या झाडाला आदल्या दिवशी पिवळा धागा बांधून, मूठभर तांदूळ ठेवून निरोप द्यायचा. बसणाऱ्या पाखरांनाही सांगायचं, दुसरीकडं जा. बिसन बांबूच्या बेटामागून बेटाला धागा बांधत चालला होता. नेमक्या त्या पट्ट्यातल्या, एकही कमी नाही, एकही जास्त नाही. केसरच्या नकाशातली रेघ त्याच्या पायांना पाठ झाली होती. धागे पाहून गावानं होकार धरला. शेवंतानं डोळे पुसत ओवी धरली:

"बना रे बांबूच्या, नको रुसू तू मना,
दारी आली वैनगंगा, कसं म्हणावं तिला ना."

बांबू तुटले ते वाया गेले नाहीत. गावच्या काठाला त्यांचेच कंद लावले, तिथंच माती धरायला. केसर दर पंधरवड्याला येत राहिली. बा तिच्या ताटाशेजारी बसून जेवायचा, तिच्या वाटीत स्वतःच्या वाटीतला मासा टाकायचा, पण शब्द नाही. काही विचारलं तर मायकडं बघायचा. माय वैतागायची. तुमच्या दोघांचं बोलणं मीच बोलते, म्हणायची, माझा घसा बसला. केसरनं मनाशी धरलं, की रागच आहे. बन कापलं, तो घाव आहे. भरायला वेळ लागेल. नागपूरला परतताना बसमध्ये तिला वाटायचं, आपण सही दुसऱ्या कुणाला करू द्यायला हवी होती का? आणि लगेच वाटायचं, नाही.

*

श्रावणात वैनगंगा आली ती सगळे हिशेब मोडत आली. वरच्या अंगाला चार दिवस धुवांधार, धरणाची दारं उघडलेली. केसर आदल्या दिवशीच गावात येऊन थांबली होती. दुपारी सगळं गाव शाळेच्या ओट्यावर उभं होतं. लाल पाणी बेटाच्या टोकाशी आलं, क्षणभर अडखळल्यासारखं झालं. मग त्याला जुनी वाट आठवली. बनाच्या मधून, मोकळ्या केलेल्या पट्ट्यातून, अर्धी वैनगंगा खळाळत निघाली. दोन्ही अंगांना उरलेलं बन पाण्यात कंबरेपर्यंत उभं राहून डोलत होतं. गावच्या काठाला पाणी लागलं, चढलं, पण धडका दिल्या नाहीत. घाटाच्या वरच्या पायरीला शिवून ते थांबलं.

भाऊराव बराच वेळ बघत होता. शेवटी म्हणाला, "गवत दिसते म्हनलं होतं मी. त्याखालची जमीन दिसते, हे मले का ठाऊक." आणि पुतणीच्या डोक्यावर आपली छत्री धरून उभा राहिला, स्वतः भिजत.

बिसन तिथं नव्हता. तो जांभळीखाली होता. कोंबड्या हाकलून पालथा डोंगा सुलटा करत होता.

*

पुन्हा कार्तिक आला, पाणी निवळलं. उड्डाण झालं, आणि नव्या नकाशात डोहाच्या जागी वाळू भरत चाललेली दिसली. हे सांगायला केसर गावी आली, तर घाटावर जत्रेसारखी माणसं. डोंग्याला डांबर लावून, कुंकू लावून पाण्यात सोडलं होतं. बिसन टोकाशी काठी घेऊन उभा होता. त्यानं मानेनंच केसरला बोलावलं. झुबेदाही सोबत आली होती, ती न विचारताच चढली. आभाळात मी हिला नेते, म्हणाली, पाण्यात हिच्या बाबांनी मला न्यावं.

डोंगा निघाला. पुलानंतर पहिल्यांदाच काठी पाण्यात गेली, आणि म्हाताऱ्या छातीतून तोच जुना आवाज उमटला.

"घोटा… गुडघा… गुडघा…"

काठावरच्या म्हाताऱ्या बायांनी तोंडाला पदर लावले. नव्या वाटेवरून, बनाच्या सावलीतून डोंगा गेला. मांडी. कंबर. मांडी. केसरच्या हातातल्या पडद्यावर तिच्या उजेडानं मोजलेली खोली होती, आणि बाची हाळी त्या रेघेवरून पाऊल न चुकता चालत होती. मग बिसननं डोंगा वळवून गावच्या काठाशी आणला. डोहावर. सगळे गप्प झाले. काठी खाली गेली, आणखी खाली, त्याच्या मुठीपर्यंत बुडाली.

आणि टेकली.

"गळा," बिसननं हाळी दिली. पुन्हा दिली, जोरात, "गळा!" गावानं आरोळी ठोकली. बांबूंवरचे बगळे एकदम उडाले.

डोंगा काठाला लागला. झुबेदा उतरली, भाऊरावनं तिला हात दिला. केसर बसूनच होती. हातातला पडदा तिनं मिटला. वर्षभर गिळलेलं ओठांवर आलं.

"बा, एवढ्या मोठ्यानं पाण्याशी बोलता. माझ्याशीच काहून नाही? बनाचा राग अजून गेला नाही का?"

बिसननं काठी सावरली. आधी खाली उतरला. वाळूवर दोन्ही पाय रोवले, हात धरून लेकीला खाली घेतलं. तिच्याही पायाखाली कोरडी जमीन आहे ना, ते बघितलं.

"राग कायचा वो?" तो हळू म्हणाला. "तू त्या दिवशी खाटेवर नदी उघडून दाखवली. माह्या बापानं, त्याच्या बापानं जिथं हात जोडले, थो तळ माह्या पोरीनं आभाळातून पाह्यला. मी काठी टाकली केसर. बोलाले गेलो का काठी खाली जाय. सभेत टाकली, जेवताना टाकली. तू नावाड्याची लेक. काठी टेकत नाई तवा नावाडी काय करते, तुले ठाऊक नाई?"

 यंत्राचं गप्प राहणं केसरला कळलं होतं. बाचं कळलं नव्हतं.

"थो शब्द पाण्यावर काढत नाई," बिसन म्हणाला. त्यानं काठी वाळूत उभी रोवली, आणि अख्ख्या घाटाला ऐकू जाईल अशी, डोंग्याच्या टोकावरून द्यायचा तशी हाळी दिली.

"अथांग हाय माही लेक. अथांग."